निःशब्द अवकाशाचे पार्श्वसंगीत

ध्वनीच्या प्रसारणाला माध्यम लागते, हे आपण माध्यमिक शाळेत शिकवतो. काचेच्या हंडीत विजेची घंटी ठेवायची आणि निर्वात पंपाने आतील हवा काढत जायचे. घंटीवर आपटणारी हातोडी दिसत राहते, पण आवाज क्षीण होत जातो. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल यांनी केलेल्या प्रयोगांचे हे शालेय रूप. त्यावरून पुढचे अनुमान विद्यार्थी आपणहून काढतात: दोन ग्रहांमधल्या पोकळीत आपल्याला कसलाही आवाज ऐकू येणार नाही. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "तर मग अवकाशयानांच्या चित्रपटांत एवढा मोठा वाद्यवृंद कशासाठी वाजत असतो?"

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पोकळीत यान फुटल्याचा गडगडाट ऐकवला, तर ती विज्ञानातली चूक होय, कारण तो आवाज कथेतल्या जगातला आहे. पार्श्वसंगीताचे तसे नाही. ते कथेतल्या कुणालाच ऐकू येत नाही. ते प्रेक्षकांसाठी असते. त्यामुळे त्यावर अशास्त्रीयतेचा आरोप करता येत नाही. मात्र त्यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. लग्न, लढाई, पाऊस यांसाठी कोणते सूर वाजवायचे, याचे संकेत प्रत्येक समाजात रुळलेले असतात. जिथे कुणी गेलेले नाही आणि जे कुणी पाहिलेले नाही, त्याच्यासाठी कोणते सूर वाजवायचे? १९३६ ते १९७७ या काळात पाश्चात्त्य विज्ञानपटांच्या संगीतकारांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. त्यांपैकी काहींचा इतिहास आपण येथे पाहू.

वेल्स यांची अपेक्षा

सुरुवात स्वतः एच. जी. वेल्स यांच्यापासून करता येते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' या पुस्तकावरून निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी 'थिंग्ज टू कम' हा चित्रपट काढायचे ठरवले. महायुद्ध, त्यानंतरची साथ आणि अंधारयुग, मग वैज्ञानिकांच्या हातून नव्या जगाची उभारणी आणि अखेर २०३६ साली चंद्राकडे झेपावणारी माणसे, असा कथेचा पट होता.

१९३४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये संगीतकार आर्थर ब्लिस यांची व्याख्याने झाली. विजेवरील फॅरडे यांचे संशोधन ज्या संस्थेत झाले, तीच ही संस्था. वेल्स ती व्याख्याने ऐकायला गेले होते. चित्रपटाचे संगीत त्यांनी ब्लिस यांच्याकडे सोपवले. वेल्स यांची अपेक्षा त्या काळाच्या मानाने फार वेगळी होती. चित्रपट पुरा झाल्यावर वरून संगीत चिकटवू नये, ते चित्रपटाच्या मूळ आराखड्याचाच भाग असावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार चित्रीकरण पुरे होण्याआधीच ब्लिस यांनी बरेच संगीत लिहिले आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ते वाजवून मुद्रित केले. १९३६ मध्ये चित्रपट झळकला. त्यातील निवडक संगीत त्याआधीच, १९३५ च्या सप्टेंबरमध्ये, लंडनच्या मैफलीत श्रोत्यांना ऐकायला मिळाले होते.

प्रत्यक्षात वेल्स यांची योजना पुरती तडीस गेली नाही. संकलनात प्रसंग कापले गेले, लांबले, पुढेमागे झाले. त्यांच्याबरोबर संगीतही कापावे लागले. या अडचणीमागे साधे अंकगणित आहे आणि ते विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखे आहे.

चोवीस चौकटींचे गणित

बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने सरकते. संगीताची लय मिनिटाला १२० मात्रा असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १२ चौकटींची. आता समजा, प्रसंग सुरू झाल्यापासून साडेसतरा सेकंदांनी यानाचे दार उघडते आणि त्याच क्षणी झांजेचा आघात हवा आहे. पहिली मात्रा शून्य सेकंदावर धरली, तर साडेसतरा सेकंदांत ३५ मात्रा उलटतात आणि आघात बरोबर ३६ व्या मात्रेवर येतो. चार मात्रांचा एक गट धरला, तर ती नवव्या गटाची शेवटची मात्रा. समेची अपेक्षा असते पुढच्या मात्रेवर! मग संगीतकाराला लय किंचित बदलावी लागते किंवा मध्येच एक मात्रा खावी लागते. संकलकाने दार उघडण्याआधीच्या सहा चौकटी कापल्या, तर आघात दोन मात्रांच्या बरोबर मध्ये पडतो आणि सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

वादकांना ही लय काटेकोर पाळता यावी म्हणून ध्वनिपट्टीवर ठरावीक चौकटींना छिद्रे पाडत. त्यामुळे होणारी टिकटिक वादकांना कानातल्या यंत्रातून ऐकू येई. १९३० च्या सुमारास अमेरिकन कार्टूनपटांपासून ही पद्धत रूढ झाली. भावना चेतवणाऱ्या संगीतामागे हा असा रोकडा हिशेब असतो. हा हिशेब वाद्यवृंदाला संपूर्ण पाळावा लागतो. एकाच वेळी सत्तर-ऐंशी वादक खोलीत बसलेले असताना प्रत्येक फेरवाजवणीचा खर्च मोठा असतो.

स्पर्शाविना वाजणारे वाद्य

ब्लिस यांनी भविष्यकाळासाठी जुनाच वाद्यवृंद वापरला. पुढच्या पिढीला वाटले, नव्या जगाला आवाजही नवा हवा. तो आवाज एका भौतिकशास्त्रज्ञाने आधीच घडवून ठेवला होता.

लेव टेरमेन यांचा जन्म १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. ते भौतिकी शिकले होते आणि चेलोही वाजवत. १९२० च्या सुमारास पेट्रोग्राड येथील इयॉफे यांच्या संस्थेत ते वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचे साधन बनवत होते. हात जवळ नेला की साधनातून येणाऱ्या आवाजाची पट्टी बदलते, हे त्यांच्यातल्या वादकाने हेरले. थेरेमिन या वाद्याचा जन्म असा झाला. १९२२ मध्ये त्यांनी ते लेनिन यांना वाजवून दाखवले आणि १९२८ मध्ये त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले.

थेरेमिनचे तत्त्व विस्पंदांचे आहे. त्यात अतिउच्च वारंवारतेची आंदोलने निर्माण करणारी दोन विद्युत मंडले असतात. एकाची वारंवारता स्थिर असते, दुसऱ्याची वाद्याच्या उभ्या दांड्याशी जोडलेल्या धारितेवर अवलंबून असते. वादकाचा हात हा या संधारित्राचा जणू दुसरा पत्रा. हात जवळ आला की धारिता अगदी थोडी वाढते आणि दुसऱ्या मंडलाची वारंवारता थोडी उतरते. समजा, पहिल्याची वारंवारता १,७०,००० हर्ट्‌झ आणि दुसऱ्याची १,६९,५६० हर्ट्‌झ आहे. दोन्हीही आपल्या श्रवणमर्यादेच्या पलीकडे. पण त्यांचा फरक ४४० हर्ट्‌झ, आणि तो सूर म्हणून ऐकू येतो. हात आणखी जवळ नेऊन दुसरी वारंवारता १,६९,१२० हर्ट्‌झ केली, की फरक ८८० हर्ट्‌झ होतो, म्हणजे सूर एक सप्तक वर चढतो. मूळ वारंवारतेत बदल झाला जेमतेम पाव टक्का! हवेत हात किंचित थरथरला, तरी थेरेमिनचा सूर का हलतो, ते यावरून कळते. दुसऱ्या हाताने आडव्या कड्याजवळ हालचाल करून आवाज लहानमोठा करतात.

पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतच जावे लागते. पियानोच्या ठाम स्वरांची सवय असलेल्या पाश्चात्त्य श्रोत्याला हे घसरणे अमानुष वाटले. येथे आपण थोडे थांबायला हवे. आपल्या संगीतात मींड हे सौंदर्यस्थान आहे. सारंगी किंवा सरोद ऐकत वाढलेल्या कानाला केवळ स्वर घसरतो म्हणून भीती वाटणार नाही. याचा अर्थ, जे परके वाटत होते ते वाद्यात नव्हते, ते श्रोत्याच्या सवयीत होते. हा मुद्दा पुढे कामास येईल.

दोन थेरेमिन आणि एक इशारा

१९५१ मध्ये रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेला 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' प्रदर्शित झाला. परग्रहावरचा दूत क्लाटू आपला यंत्रमानव गॉर्ट याच्यासह वॉशिंग्टनमध्ये उतरतो आणि अण्वस्त्रांच्या शर्यतीबद्दल पृथ्वीवासीयांना इशारा देतो, ही त्याची कथा. संगीत बर्नार्ड हर्मन यांचे होते. १९३८ मध्ये वेल्स यांच्याच मंगळस्वारीच्या कथेवरून झालेल्या गाजलेल्या अमेरिकन नभोनाट्याचे संगीतही त्यांनीच सांभाळले होते.

हर्मन यांनी वाद्यवृंदाची नेहमीची मांडणी मोडली. व्हायोलिनचे मोठे ताफे नाहीत, बासऱ्या-क्लॅरिनेटही नाहीत. त्यांच्या जागी एक उंच पट्टीचे व एक खालच्या पट्टीचे अशी दोन थेरेमिन, विजेवर चालणारी व्हायोलिन आणि गिटार, इलेक्ट्रिक ऑर्गन, व्हायब्राफोन, पियानो, हार्प आणि ट्यूबासारखी खर्जातली पितळी वाद्ये. काही ध्वनी फीत उलटी फिरवून मिळवले. थेरेमिन त्यांच्या आधीही चित्रपटांत आले होते. मिक्लोश रोझा यांनी १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये मनोविकार सुचवण्यासाठी ते वापरले होते. ते वाजवणारे सॅम्युएल हॉफमन पेशाने पायांच्या विकारांचे चिकित्सक होते आणि हर्मन यांच्या चित्रपटातही वादक तेच होते.

हा प्रयोग इतका यशस्वी झाला, की यशानेच त्याचा घात केला. पन्नाशीच्या दशकात परग्रहवासी आला की थेरेमिन वाजू लागले. पहिल्यांदा अंगावर काटा आणणारा आवाज काही वर्षांत ओळखीची खूण बनला आणि नंतर तर तो विनोदासाठीही वापरला जाऊ लागला. अपरिचित गोष्ट वारंवार ऐकवली, की ती अपरिचित राहत नाही.

ज्यांच्या संगीताला संगीत म्हटले नाही

त्याहून पुढचे पाऊल लुइस आणि बीबी बॅरन या न्यूयॉर्कच्या दांपत्याने टाकले. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटाचे सगळे ध्वनी त्यांनी इलेक्ट्रॉनिक मंडलांतून निर्माण केले. वाद्यवृंद नव्हता, वादक नव्हते, स्वरलिपीही नव्हती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्बर्ट वीनर यांच्या 'सायबरनेटिक्स' या ग्रंथाने त्यांना प्रेरणा दिली होती. निर्वात नलिका वापरून ते अशी मंडले जोडत, की त्यांतील विद्युत आंदोलने स्वतःवरच परिणाम करत अस्थिर होत जात. एखादे मंडल कण्हे, एखादे किंचाळे. जास्त विद्युतभार दिल्यावर ते जळून जाई आणि तेच पुन्हा जोडले तरी नेमका तोच आवाज मिळत नसे. म्हणून सगळे आधी ध्वनिफितीवर टिपायचे आणि मग फिती कापून, सावकाश किंवा उलट्या फिरवून त्यांतून संगीत रचायचे, अशी त्यांची रीत होती.

अमेरिकेतील वादकांच्या संघटनेशी वाद होऊ नये म्हणून श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्द टाळून 'इलेक्ट्रॉनिक नाद' अशा अर्थाचे शब्द घातले गेले. वादकांची भीती निराधार नव्हती. दोन माणसे आणि काही नलिका साठ जणांचे काम करू लागल्या, तर त्या साठ जणांनी काय करायचे? पण हा निवाडा बॅरन दांपत्यावर मोठा अन्याय करणारा ठरला. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाचे असे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात आज मात्र त्यांच्या या कामाला मानाचे पान आहे.

१९६८: गाळलेले संगीत

स्टॅन्ली कुब्रिक आणि आर्थर सी. क्लार्क यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटाने आपल्या चौकस विद्यार्थ्याचा आक्षेप प्रथमच मनावर घेतला. यानाबाहेरच्या काही प्रसंगांत फक्त अंतराळवीराचा श्वास ऐकू येतो, कारण तो त्याच्या पोशाखातील हवेतून पोहोचतो. काही क्षणी पूर्ण शांतता आहे.

या चित्रपटाचे संगीत लिहिण्याचे काम अ‍ॅलेक्स नॉर्थ यांना मिळाले होते. १९६० च्या 'स्पार्टाकस'साठी त्यांनी कुब्रिक यांच्याबरोबर काम केले होते. चित्रपटाचे संकलन करताना कुब्रिक यांनी तात्पुरती सोय म्हणून उपलब्ध ध्वनिमुद्रिकांमधले संगीत लावून ठेवले होते आणि हळूहळू त्यांचे मन त्यावरच बसले. नॉर्थ यांनी अवघ्या काही आठवड्यांत चाळीस मिनिटांहून अधिक संगीत लिहिले. १९६८ च्या जानेवारीत लंडनमध्ये ते मुद्रित झाले. त्या वेळी ताणामुळे त्यांची प्रकृती इतकी बिघडली होती, की त्यांना रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. पुढे न्यूयॉर्कमध्ये चित्रपट पाहायला बसल्यावर त्यांना कळले, की आपला एकही स्वर त्यात नाही. त्यांचे निधन १९९१ मध्ये झाले. त्यांचे हे संगीत जेरी गोल्डस्मिथ यांनी १९९३ मध्ये नव्याने वाजवून घेतले, तेव्हा ते लोकांपर्यंत पोहोचले.

कुब्रिक यांनी त्याऐवजी काय ठेवले? सूर्योदयासाठी रिचर्ड श्ट्राउस यांची १८९६ मधली रचना. तिचे सुरुवातीचे तीन स्वर म्हणजे सा, प आणि वरचा सा. त्यांच्या वारंवारतांचे गुणोत्तर २:३:४. कळा नसलेल्या साध्या तुतारीतून जे नैसर्गिक संवादी स्वर निघतात, त्यांतलेच हे. सावकाश फिरणाऱ्या अवकाशस्थानकासाठी योहान श्ट्राउस यांचे एकोणिसाव्या शतकातले नृत्यसंगीत. आणि खऱ्याखुऱ्या अज्ञातासाठी हंगेरियन संगीतकार ग्यॉर्ग लिगेती यांच्या रचना. त्यांच्या १९६१ मधल्या 'अ‍ॅटमॉस्फियर्स'मध्ये वाद्यवृंद असंख्य लगतचे स्वर एकाच वेळी धरतो. धून नाही, ताल नाही. फक्त स्वरांचा हळूहळू रंग बदलणारा ढग. त्यात इलेक्ट्रॉनिक उपकरण एकही नाही. ओळखीची वाद्येच इतकी अनोळखी भासू शकतात, हे त्यातून दिसले.

त्याच वर्षी आलेल्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये गोल्डस्मिथ यांनीही हीच वाट धरली. एक प्रतिध्वनी-यंत्र सोडले, तर त्यांनी पारंपरिक वाद्यांवरच भिस्त ठेवली. त्यांच्या जोडीला मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य आणि स्वयंपाकघरातली स्टीलची पातेली! जलतरंग ठाऊक असलेल्या आपल्याला याचे नवल वाटू नये.

१९७७: पुन्हा वाद्यवृंदाकडे

जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स'च्या वेळी प्रश्न उलटा होता. पडद्यावर दोन सूर्यांचे आकाश, बोलकी यंत्रे, विचित्र प्राणी असे सगळेच अनोळखी. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या शिफारशीवरून आलेल्या जॉन विल्यम्स यांनी ठरवले, की संगीत तरी प्रेक्षकाच्या ओळखीचे असावे. त्यांनी तीसच्या दशकातील साहसपटांचा, विशेषतः ऑस्ट्रियाहून हॉलिवूडला आलेल्या एरिख कोर्नगोल्ड यांचा, वळसा घेतला. प्रत्येक प्रमुख पात्राला स्वतःची धून द्यायची आणि प्रसंगानुसार तिचे रूप बदलायचे, ही वाग्नर यांच्या संगीतनाटकांतली जुनी युक्ती त्यांनी वापरली. मुख्य धून पितळी वाद्यांवर सा वरून थेट प वर झेप घेते. गुणोत्तर पुन्हा तेच, २:३.

मार्च १९७७ मध्ये लंडनजवळ डेनहॅम येथे ध्वनिमुद्रण झाले. वाजवणारा होता लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, बेचाळीस वर्षांपूर्वी ब्लिस यांचे संगीत वाजवणारा तोच वाद्यवृंद. डेनहॅमचे चित्रपटकेंद्रही मूळचे कोर्डा यांनीच उभारलेले. १९७८ मध्ये विल्यम्स यांना या संगीतासाठी ऑस्कर मिळाले आणि विज्ञानपटांत मोठ्या वाद्यवृंदाचे पुनरागमन झाले.

यावरून काय घ्यावे?

या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर कोणतेही वाद्य स्वभावतःच 'अवकाशाचे' नसते, असे आम्हांला वाटते. थेरेमिन परके वाटले ते ओळख होईपर्यंतच. लिगेती यांनी व्हायोलिनला परके केले, विल्यम्स यांनी परक्या जगात तुतारीला घरचे केले. संगीतकारापुढचा खरा प्रश्न प्रमाणाचा असतो: श्रोत्याला किती ओळखीचे द्यायचे आणि किती नवे? सगळेच ओळखीचे दिले, तर तो जागचा हलत नाही. सगळेच नवे दिले, तर तो मागे राहतो. शिक्षकांना हा प्रश्न रोजच भेटतो. अणूची रचना शिकवताना आपण सूर्यमालेची उपमा देतो आणि नंतर ती कुठे लागू पडत नाही, हेही सांगतो. त्यात आपण हेच प्रमाण सांभाळत असतो.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा किंचित बेसूर करून विस्पंद मोजावेत. अवकाशातील एकच चित्रफीत आधी नुसती शांततेत, मग सनईबरोबर आणि मग घसरत्या सुरांबरोबर दाखवावी आणि प्रत्येक वेळी काय वाटले ते मुलांना लिहायला सांगावे. उत्तरे वेगवेगळी येतील. ती का वेगळी आली यावरची चर्चा हाच त्या तासाचा धडा.

'स्टार वॉर्स' ज्या वर्षी प्रदर्शित झाला, त्याच १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन व्हॉयेजर याने सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेला लागली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनितबकडी आहे आणि तीत निरनिराळ्या देशांच्या संगीताबरोबर गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई मुंबईत निवर्तल्या. पडद्यावरच्या अवकाशासाठी कोणते संगीत योग्य, हे ठरवायला निदान प्रेक्षक तरी माणसे होती. ही तबकडी कधी कुणाच्या हाती लागलीच, तर त्या श्रोत्यांच्या सवयी काय असतील, याचा काहीही अंदाज आपल्याला बांधता येत नाही. म्हणून ती तयार करणाऱ्यांनी माणसांना प्रिय असलेले संगीत निवडले. चौकस विद्यार्थ्याला हेही अवश्य सांगावे, आणि तबकडी वाजवायला हवा लागेल का, हा प्रश्न त्याच्यावरच सोपवावा.